खविसाचा एकमेव माणूस

३ फेब्रुवारी
आजपासून ऑफिसाआधी प्राण्यांच्या निवाऱ्यात काम. बायको म्हणाली, बरं झालं, भांडायला माणसं संपलीच होती तुमची. दुर्लक्ष केलं. निवारा चालवणाऱ्या मोठ्या बाई नव्या लोकांना नियम सांगत बसल्या होत्या. हात धुवा, दार लावा, वगैरे. मी पदवीधर आहे. मध्येच उठून पिंजरे बघून आलो. स्वतःला विचारलं, हा उद्धटपणा झाला का? तटस्थपणे विचार केला. नाही झाला.

५ फेब्रुवारी
शेवटच्या पिंजऱ्यात एक म्हातारा कुत्रा आहे. सगळे त्याला खवीस म्हणतात. कोणालाच जवळ येऊ देत नाही. माझ्यावरही गुरगुरला, पण वेगळं. त्यात आदर होता.

९ फेब्रुवारी
खवीस चावला. निवाऱ्याचा डॉक्टर माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान, तरी मला काका म्हणतो. पट्टी बांधताना म्हणाला, काका, त्याला एकटं राहू द्या थोडं. याला प्राण्यांचं मन कळत नाही. परक्याला कोण चावतं? आपल्या माणसावरच राग काढतात.

१४ फेब्रुवारी
खविसानं माझ्या हातातून उकडलेलं अंडं खाल्लं. फक्त अंडं. संकल्प : त्याला घरी आणायचं. बायको म्हणाली, घरात एक खवीस पुरे आहे. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. पण ‘नाही’ असं कोणी म्हटलं नाही, याची नोंद घेतली.

१७ फेब्रुवारी
मोठ्या बाई म्हणतात, त्याच्या पोटात गाठ आहे, ती काढली की न्या. कधी काढणार? डॉक्टरला सवड झाली की. निव्वळ चालढकल. या लोकांना वठणीवर आणावं लागणार.

२१ फेब्रुवारी, सकाळी
संतापजनक! सगळ्या पिंजऱ्यांत ताटल्या भरलेल्या आणि खविसाची पिंजऱ्यावर पालथी घातलेली. विचारायला आसपास कोणी नव्हतं. असतं तरी विचारलं नसतं. म्हातारा, त्यातून चावरा, मग ठेवा उपाशी! ताटली सरळ केली, माझ्या डब्यातली अंडी आणि ब्रेड तिच्यात रिकामी केली. त्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि शेपटी हलवली. माझ्यासाठी. मग ताटली धुऊन होती तशी पालथी ठेवली. उद्या पुन्हा अशीच दिसली की कामचुकारांना रंगेहाथ पकडणार.

२१ फेब्रुवारी, दुपारी
खवीस गेला. ऑपरेशनच्या टेबलावर. आज ऑपरेशन होतं हे मला कळवायची कोणाला गरज वाटली नाही! डॉक्टर फोनवर म्हणाला, काका, म्हातारं शरीर, भूल झेपली नाही. हत्यारा.

२२ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. डॉक्टरविरुद्ध मुद्दे काढले. स्वतःला विचारलं, यात सूडबुद्धी आहे का? नाही. न्यायबुद्धी आहे.

२३ फेब्रुवारी
निवाऱ्यात सगळ्यांसमोर बोललो. आधी उपाशी ठेवता, मग मारता! त्या सकाळी मी पोटभर खाऊ घातलं नसतं, तर बिचारा उपाशीपोटीच गेला असता.
वाटलं, लागलं वर्मी. झाडलोट करणाऱ्या मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. डॉक्टर उठून आत गेला.
मग मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, ताटली पालथी म्हणजे आज भूल द्यायची, पोट रिकामं हवं. पहिल्या दिवशी सांगत होते, तुम्ही उठून गेलात. भुलीत त्याला उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली. डॉक्टरला घशात अंडं दिसलं होतं. काकांना सांगू नका, असं त्यानंच आम्हाला बजावलं. तुम्हाला कुत्रा लवकर नेता यावा म्हणून स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आला होता तो.
तिथून कसा निघालो, आठवत नाही.

२४ फेब्रुवारी
कालचं घरी काही सांगितलेलं नाही. जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, त्या डॉक्टरला सोडू नका. बायको म्हणाली, तक्रार कराच, मी येते बरोबर, बघते कसा ऐकत नाही तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी माझ्या बाजूनं. मुलीनं स्वतःहून मला वाढलं.
मी म्हणालो, डॉक्टर तसा चांगला माणूस आहे.
दोघी जेवायच्या थांबल्या. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
ताप नव्हता.