लाफाएलेच्या डुकराचं हृदय

प्रिय सेफिना,

काल दुपारपासून हात धुतोय. साबण लावला, वाळूने घासले, लिंबाची पानं चोळली, समुद्रात बुडवून आलो. वास जात नाही. तुझी आई म्हणते, वास हाताला नाही, नाकात बसलाय. असेल. टॅरोच्या कंदाचा घास उचलला की तो ओला गोळा डोळ्यांपुढे येतो.

तू तिकडे ऑकलंडच्या दवाखान्यात नीट जेवतेस ना? पायांची सूज उतरली का? लहानपणी तुझा घसा धरला, ताप आला, सांधे सुजले. त्याच तापाने हृदयाची झडप खाल्ली म्हणे. तेव्हापासून घरात कुणी खोकलं तरी मी उठून बसतो.

आपण शनिवार पाळणारी, डुक्कर न खाणारी ख्रिस्ती माणसं. रविवारी गावभर भट्ट्यांत डुकरं भाजतात, तेव्हा मी धूर नको म्हणून घराच्या उघड्या बाजूंच्या चटया खाली सोडतो. गावजेवणातला आपला वाटा आला तसा परत पाठवतो. म्हणून तू फोनवर डुकराची झडप बसवणार म्हणालीस तेव्हा तोंडातून निघून गेलं, "जे पोटात घालत नाही, ते छातीत घालशील?" तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना नाही म्हणालीस. धातूची बसवली तर जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या. त्या आपल्या बेटावर कुठे करणार? त्या गोळ्यांवर मूल होऊ देणंही धोक्याचं, आणि तुला तर मूल हवंय. काहीच बसवलं नाही तर काय होईल, ते मला लिहवत नाही.

आपल्या चर्चचे पाळक म्हणाले, मनाई खाण्याला आहे, अंगात शिवून बसवण्याला नाही. माझं समाधान झालं नाही. मला तर वाटत होतं, डुकराचं अख्खं हृदयच तुझ्यात ठेवणार. इथल्या दवाखान्यातली नर्स व्हाइओला हे ऐकून हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "काका, चित्र बघून कळत नसेल तर लाफाएलेकडे चला. तो उद्या डुक्कर कापतोय."

लाफाएले मला बघून ओरडला, "काय रे इआकोपो, आयुष्यभर मी पाठवलेला वाटा परत पाठवलास, आता स्वतःच न्यायला आलास? पाय देऊ का पाठ?" सगळे हसले. मी म्हटलं, "हृदय." मग कुणी हसलं नाही.

जळलेल्या केसांचा वास, आतड्यांची वाफ, वर माशा. केळीच्या पानावर ते गरम, बुळबुळीत हृदय. व्हाइओलाने खालून आडवं कापून दाखवलं. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, कारण तिला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं. डावी अंगठ्याएवढी जाड, तिला सगळ्या अंगाला पुरवायचं असतं. तिथेच मला उलटी झाली. तिने फडकं दिलं, आणि तोंड पुसून होताच डाव्या कप्प्यातून निघणारी मोठी नळी माझ्या हातात उभी धरायला लावून वरून पाणी ओतलं.

पाणी पायांवर सांडणार म्हणून मी मागे सरलो. सांडलं नाही. तळाशी तीन खिसे होते, शहाळ्यातल्या मलईसारखे पातळ. वरून येणाऱ्या पाण्यानेच ते फुगले, एकमेकांना टेकले आणि दार बंद. कडी नाही, दोरी नाही, लावणारा कुणी नाही. तुझी झडप अशी मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त मागे येतं, म्हणून तुझं हृदय तेच काम पुन्हा पुन्हा करत दमतं. डुकराचं अख्खं हृदय नाही, असे तीन खिसेच तुझ्यात बसवणार, हे चित्रात कळलं नव्हतं ते हातात धरल्यावर कळलं. तरी घाण वाटायची ती वाटलीच.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मला अजून मळमळतंय, आणि तू माझा आवाज ओळखतेस. बाबा मनातून नाहीच म्हणतायत असं समजून तू पुन्हा नकार दिला असतास. म्हणून कागदावर लिहिलं, आणि मंगळवारच्या विमानाने तिकडे येणाऱ्या तुझ्या मावशीच्या हाती देतोय. किळस माझी आहे, ती माझ्याकडे राहू दे. ती जायची वाट बघू नकोस. डॉक्टरांना हो म्हण. बरी होऊन आलीस की शनिवारी प्रार्थनेला माझ्याच शेजारी बस.

तुझाच,
अजून हात धुणारा,
बाबा