ती सिंधूची जागा

लातूर, ६ जानेवारी

ती. अक्कास,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो अन् मग एक जण ठेवून देते, म्हणून लिहितेय. माझी शिवांगी कॉलेजला तुमच्या नांदेडच्या विष्णुपुरीला परत निघालीय, तिच्याच हाती पाठवते.

निलंग्याचं घर विकलं, अप्पा तुझ्याकडं नांदेडला आले, कबूल. पण सोफासुद्धा टेम्पोत? मला विचारलंही नाहीस! आईनं हौसेनं हैदराबादहून आणवलेला, मऊ लवेच्या मरून मखमलीचा. शिवांगी सांगते, मावशीनं बैठकीत मांडलाय. ऐकून अंगाची लाही झाली बघ. अप्पा तुला, सोफाही तुला, अन् मला काय, लातूरचा पाण्याचा टँकर?

सोफा पाठव. लोभ आहेच, वाढवायचा का ते सोफा आल्यावर बघू.

तुझी,
सिंधू


नांदेड, १४ जानेवारी

चि. सिंधूस,
अ. उ. आशीर्वाद.

तिळगूळ पाठवतेय, गोड बोलणं जमेल तेव्हा खा.

सोफा खुशाल ने. मला तो डोळ्यांसमोर नको. अप्पांच्या शेजारची जागा आठव. लव पार उडून आतले धागे दिसतात. तिथं तू बसायचीस, अप्पांच्या खांद्याला टेकून, लग्न होईपर्यंत. दुसऱ्या टोकाला मखमल अजून दुकानातून आणल्यासारखी हाय. ती माझी जागा. तेव्हा आई अंथरुणाला, मी चुलीपाशी, बसणार कधी गं?

परवा दमून अप्पांच्या शेजारी टेकले. लगेच म्हणाले, ती सिंधूची जागा हाय, तू तिकडं सरक. आंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, अन् जागा तुझी! लई जळले. सोमवारी कुशनवाला येतोय. सगळं कापड फाडून रेक्झिन लावते, मग घेऊन जा.

आशीर्वाद आहेत, सध्या तेवढ्यावर भागव.

शिवकन्या


लातूर, १७ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी राग आला, मग तुझाच हेवा वाटला. घरच्या किल्ल्या तुझ्या कमरेला, अप्पा काहीही विचारणार ते तुला. मला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून तर मी तिथं बसून राहायची.

कुशनवाल्याला नको म्हण. मी रविवारी येते. आल्या आल्या तू माझ्या जागेवर बसायचं, उठायचं न्हाई. चहा मी करते, गोळ्या मी देते. अप्पा सरक म्हणाले तर त्यांच्याशी मी भांडते.

पण संध्याकाळी निघायच्या आधी घटकाभर तिथं मला बसू दे. अन् सोफा राहू दे तिथंच.

तुझी जळकुकडी,
सिंधू