कुंकू लावलेली खुंटी

डोंबिवली, शुक्रवार, ३ डिसेंबर १९५४

मन थाऱ्यावर नाही. नव्या रेल्वेमार्गासाठी मोजणीवाल्यांनी सोमवारी गावातल्या बड्या शेटजींच्या आमराईत लाल खुंट्या ठोकल्या. जमिनीत नवं काही रोवलं की पूजा करायची, म्हणून आईने कडेच्या खुंटीला हळदकुंकू वाहिलं. मी हसले होते.

आज शाळेत शिकवून परतले, तर आमच्या अंगणात, तुळशीपाशी, लाल खुंटी. तिच्यावर आईचं कुंकू. तीच खुंटी!

"मोजणीवाले आलेले. सोबत शेटजींचा मुनीम," बाबा म्हणाले. "रेल्वे सगळ्यांची, असं तूच सांगत होतीस ना गावाला? मग आमराई सोडून आपल्याच घरावर कशी वळली, बीएबाई?"

माझा विश्वास होता. अजून आहे का?

म्हटलं, उद्या रेल्वेच्या मोठ्या साहेबांना इथे आणते. खुंटी हलवल्याचा पुरावा तिच्यावरच आहे, ते सोमवारचं कुंकू.

तेवढ्यात आई दिवा लावून आत आली. हात ओले.

"देव आपणहून दारात आला गं," म्हणाली. "जुनं कुंकू सुकलेलं, म्हणून खुंटी स्वच्छ धुतली. आता ताजं लावलंय."