आईच्या चित्राची व माझ्या इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी बिराप्पा म्हाळू पुकळे, वय बासष्ट, धंदा चित्रकारी, राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे स्वतःच्या अकलेने, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो. आजाराने हात थरथरतो, पण डोके ठिकाणावर आहे. पूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व रंगांची पेटी माझी पत्नी रंगुबाई हिची. काव आणि नीळ तिने पाट्यावर वाटली, म्हणून मी चित्रे काढू शकलो. घरातून तिला कोणी उठवू नये.

२. गोऱ्या साहेबांच्या तीन तसबिरी कोणी न नेल्याने माळ्यावर पडून आहेत. कापड जाड आहे. कडब्याच्या गंजीवर घालावे.

३. पोटासाठी मुलूख सोडून गेलेल्या आमच्या भागातील माणसांची मी अकरा चित्रे काढली व प्रत्येकाखाली नाव लिहिले. ती ज्याच्या त्याच्या घरी द्यावीत. पहिले भामाबाईस. तिचा नवरा पलटणीतून बसऱ्यास लढाईवर गेला तो परत आला नाही. सरकारी कागद आला तो इंग्रजीत. मीच वाचून दाखवला. तिने एवढेच विचारले, "तिकडं पानी तरी हाय का?" त्याला मी चित्रात नदीकाठी बसवला आहे.

४. आता आईचे चित्र. हे नीट सांगितले पाहिजे. आमची आई तानुबाई मेंढरांमागे दरसाल कोकणात उतरे. मला दहाव्या वर्षी साताऱ्यास शाळेत ठेवले. धाकटा भाऊ अर्जुना तिच्याबरोबर चालत राहिला. पुढे मुंबईस चित्रकला शिकताना जातीजमातींवरच्या एका साहेबाच्या पुस्तकात मला तिचा फोटो दिसला. खाली छापले होते, 'मेंढपाळ स्त्री, भटकी.' घरी येऊन मी तिला विचारले. ती म्हणाली, "व्हय, त्यानं नाक मोजलं रं माजं. नाव न्हाई इचारलं." तेव्हापासून मी चित्राखाली नाव लिहू लागलो. सन १९१८च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत ती गेली, त्यानंतर तिचे हे मोठे चित्र काढले.

सन १९३४ साली एका बड्या अंमलदाराने ते विलायतेच्या प्रदर्शनासाठी मागितले. अट एकच, नाव पुसायचे. मी नाही म्हटले. त्याच साली अर्जुनाचा जंगलात मेंढरे चारायचा परवाना नामंजूर झाला. कळप विकून तो फलटणकडे दुसऱ्याच्या उसात राबू लागला. "दादा, तुजं नाव ऱ्हायलं, माजी मेंढरं गेली," एवढे बोलून गेला तो बारा वर्षे फिरकला नाही. मी बरोबर वागलो असे आजही वाटते. भोगले मात्र त्याने, आणि मी त्याला आधी विचारलेही नव्हते.

गेल्या भाद्रपदात माझ्या आजाराचे कळल्यावर तो आला. चित्रापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "काठी उजव्या हातात कशी? आई डावरी हुती."

साहेबाने फोटोसाठी काठी उजव्या हातात धरायला लावली असणार, आणि मी ती तशीच काढली. मी आईला पुस्तकातून उतरवले होते.

दुसऱ्या दिवसापासून अर्जुनाने माझे मनगट दोन्ही हातांनी धरले, लोकर कातरताना मेंढरू धरतात तसे. त्याने सांगावे, मी रंगवावे. आठ दिवसांत काठी डाव्या हातात आली.

म्हणून ते चित्र अर्जुनाचे. माझ्या नावावरचा नऊ एकर माळही अर्जुनाचा. तिथे मेंढरे चारायला कोणाचा परवाना लागत नाही.

५. वरील मजकूर मी वाचून दाखवला तेव्हा अर्जुना उंबऱ्यावर बसला होता. माळाचे ऐकून त्याने तोंड फिरवले. मग रंगुबाईस म्हणाला, "आवं वैनी, दादाला म्हनावं मराया घाई नगं. आईचं पाय बी चुकल्यात. एवडं चालल्याली बाई, आन् टाचंला एक भेग न्हाई?"

तरी हे पत्र सध्या रंगुबाईच्या ट्रंकेत राहील. उद्या सकाळी आईचे पाय रंगवायला घ्यायचे आहेत.

मुक्काम वडूज, तारीख १७ नोव्हेंबर १९४६.
सही: बिराप्पा म्हाळू पुकळे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. अक्षर हलले आहे, माणूस हललेला नाही.
साक्षीदार: नानासो गणू शिंगाडे, वडूज
साक्षीदार: कृष्णात बाळा फडतरे, वडूज