हजेरीचा दुमडलेला कागद

मंगळवार, संध्याकाळ

पंचवटीतल्या नव्या वाचनालयाबद्दल रहिवाशांची मतं घ्यायला आज बैठक होती. दारातच हजेरी म्हणून सही घेतली. कागदाचा वरचा भाग दुमडलेला का होता? विचारलं नाही, केली सही.

महापालिकेचे साहेब गोड बोलत होते, "सांगा, काय हवंय?" म्हटलं, वाचनाची खोली तिसऱ्या मजल्यावर नको, आम्हा म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत. ते नुसते हसले. हसले का? माझं लक्ष त्या दुमडीवरच. शेवटी मीच उठले आणि कागद उलगडला. वर छापलेलं होतं, 'आराखडा आम्हांस मान्य आहे.'

"आजी, फॉर्मॅलिटी आहे हो."

मी माझं नाव खोडलं. मागून फुलं विकणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, "पेन द्या इकडं. माझंबी खोडते."