सीटची दांडी कुठे कापायची

१७ ऑगस्ट, रवि.
सकाळी डोंबिवली-शीळफाटा, दोन फेऱ्या. रस्ता खोदलेला, ट्रकवाले अंगाला चिकटून. माझी सरळ हँडलची सायकल म्हणजे भाजी आणायची सायकल. डिसेंबरच्या पोहणं-सायकल-पळण्याच्या शर्यतीत हिच्यावर नव्वद किलोमीटर केले तर मी पोचेपर्यंत आयोजक मंडप सोडून जेवायला गेलेले असतील. पोहणं होतंय, पळणंही. घोडं अडलंय सायकलपाशी.
घरी आले तर संदेश उठून बसला होता. "किती?" वेळ सांगितली. "कमी," म्हणाला. म्हणजे वेग कमी. खरं आहे.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई शेजारणीला मुद्दाम मोठ्याने, "नवरा लकव्याने घरात बसलाय आणि ही सायकल फिरवते." आता लिहिताना चार उत्तरं सुचतायत.

१९ ऑगस्ट, मंगळ.
कॉलेजातून हाफ डे टाकला. माजिवड्याचं दुकान. ॲल्युमिनियमची फ्रेम, वाकडं हँडल, वर कोपरं टेकवून वाकायचे दांडे वेगळे बसवून देतात. भारीतल्या सायकलींकडे बघितलंही नाही. सं.च्या हॉस्पिटलनंतर आपली ऐपत एवढीच, आणि लांब पल्ल्याला हे पुरतं. सं. नेहमी म्हणायचा, पाय चालतात, सायकल नाही.
पण माझ्या मापाची नाही. "मॅडम, मोठी घ्या ना, सीट खाली करून देतो." चप्पल घ्यायला आलेय का मी? लहान कधी येणार तर दिवाळीनंतर, तेही नक्की नाही. मग सराव कधी करू, शर्यतीतच?
जानेवारीत शर्यतीला दोघांची नावं एकाच दिवशी घातली होती. फेब्रुवारीत हे झालं. त्याचं नाव रद्द करायला अजून हात होत नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
कल्याणला, खडकपाड्याच्या पुढे. सेकंडहँड कार्बन. फोनवर माणूस गोड, "लेडीजने वापरलीये ताई, एकदम चकाचक." चकाचक होतीच. फक्त पेडलच्या वरच्या बाजूला रंग जरा जास्तच चकाचक. नाणं काढून वाजवत गेले. सगळीकडे टक् टक्, तिथे भद्द. आत तडा असला की असंच वाजतं.
"ते पेंटमुळे वाटतं," म्हणाला.
"मग पेंटच विका," म्हटलं आणि निघाले.
रिक्षात बसले आणि रडू आलं. सायकलसाठी नाही. नाणं वाजवायचं काम सं.चं. तो वाकून कान लावायचा, मी मागे दोन हेल्मेट धरून कंटाळून उभी. आज वाकायलाही मीच, कंटाळायलाही मीच. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "ताई, स्टेशनच ना?" हो म्हटलं. जायचं होतं घरी.

३० ऑगस्ट, शनि.
सगळीकडे गणपतीचे मंडप, रस्ते बंद. सराव नाही. दिवसभर हॉलमधल्या सायकलकडे बघत होते. सं.ची. फेब्रुवारीपासून चादरीखाली.
हिची सीटची दांडी फ्रेममधूनच वर आलेली, वेगळी निघत नाही. पहिल्या मालकाने स्वतःच्या उंचीला कापून घेतली होती. त्याच्याच उंचीचा माणूस मिळेना, म्हणून एवढी चांगली सायकल आम्हाला पडत्या भावात मिळाली. सं. चढून बसला तर तंतोतंत. "बघायला गेलो आणि जमलं," असं सगळ्यांना सांगत सुटलेला.
कोपरीच्या कुणालला फोन केला. तो सायकल माणसाच्या मापाला बसवून देतो, सं.ला जुना ओळखतो. म्हणाला, "ताई, घरात सायकल असताना गावभर काय फिरताय? फ्रेम तुम्हाला चालेल, हँडल धरणारा पुढचा तुकडा लहान टाकू. फक्त दांडी कापायला लागेल. पण एकदा कापली की परत जोडता येत नाही हां, कार्बन आहे."
आईंनी ऐकलं. सं.च्या आई, पण मलाही आईच. पोळपाट बाजूला ठेवून म्हणाल्या, "पोराच्या सायकलला करवत? उद्या उभा राहिला म्हणजे कशावर बसंल तो?"
या प्रश्नाचं उत्तर जुलैपासून माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं. चालेल, काठीही सुटेल. पण रस्त्यावर सायकल नाही, तोल नाही आणि उजवीकडचं दिसणार नाही, ते आता परत यायचं नाही. सं.ला सांगितलं नाही. आईंना नाही. इथेसुद्धा आज पहिल्यांदा लिहितेय.

३ सप्टें., बुध.
फिजिओवाल्या स्नेहलने आज सं.ला बसल्या जागी पाय मारायच्या यंत्रावर घेतलं. डावा पाय मारतो, उजवा नुसता फिरतो. तरी खूश. स्नेहल म्हणाली, "दादा, एक नंबर! असेच राहा, पुढच्या वर्षी मला डबलसीट न्या." तिला काय म्हणायचं, ती चांगलीच मुलगी आहे.
ती गेल्यावर एकदम, "सुजा. माझी घे. काप."
नको म्हटलं. ठाण्याच्या दुकानात लहान येईल दिवाळीनंतर.
"उशीर."
मग नाहीच जात यंदा. पुढच्या वर्षी बघू.
चिडला. चिडला की शब्द आणखी अडकतात, गळ्याच्या शिरा ताठ होतात. मी थांबले. मध्ये शब्द पुरवायचा नाही असं स्नेहलने सांगितलंय. शेवटी आलं, "तू नाही गेलीस तर... दोघं नाही गेलो."
फेब्रुवारीपासूनचं सगळ्यांत लांब वाक्य. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले. इतकी मळली की आई म्हणाल्या, "लग्न हाय का कुणाचं?"

७ सप्टें., रवि.
माप घेतलं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचं, जमिनीपासून तिथपर्यंत मोजायचं आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणून सीटची उंची काढायची. पूर्वी रविवारी अर्धा सायकल ग्रुप आमच्या हॉलमध्ये असा भिंतीला लागलेला असायचा. आई म्हणाल्या, माझा ग्रंथ तसल्या कामाला नाही मिळायचा. मग डिक्शनरी.
सं. खुर्चीवर, डाव्या हातात टेप. वरचं टोक मी धरलं. मोबाइलवर गुणाकार तीनदा केला, तीन उत्तरं. हल्ली आकडे निसटतात त्याचे, पंधराचे पन्नास होतात. तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवून म्हणाला, "हे."
सायकल आडवी करून त्याच्या मांडीजवळ धरली. दांडीवर निळी चिकटपट्टी त्यानेच लावली, एका हाताने आणि दातांनी. वाकडी लागली, काढली, परत लावली. घामाघूम झाला, पण मला हात लावू दिला नाही. आई दारात उभ्या राहून बघत होत्या.
मोजताना मला सरळ उभं करायला त्याने कमरेला हात लावला. अंघोळ, दाढी, कपडे, दिवसभर मी त्याला हात लावत असते. त्याने मला आज लावला. लिहायला लाज वाटते, पण मला खूप बरं वाटलं.

१३ सप्टें., शनि.
सायकल टेंपोत घालून कोपरीला. कुणालने मला त्याच्या स्टँडवर बसवलं, गुडघा, घोटा, कंबर सगळीकडे ठिपके लावून मोजलं. मग आमची सायकल बघितली. निळ्या पट्टीवर अंगठा ठेवून थांबला.
"ही खूण कोणी केली, ताई?"
"संदेशने."
"दोन बोटं वर आहे."
चुकलं असेल, म्हटलं, त्याचे आकडे हल्ली निसटतात.
त्याने परत मोजलं. मग त्याच्या कपाटातून सं.चं जुनं माप काढलं आणि जोडून बघितलं. म्हणाला, "ताई, इथे कापली तर वरची टोपी, सीट जिच्यावर बसते ती, पूर्ण खेचून दादा अजून बसू शकतात. अगदी काठावर, पण बसतात. त्याच्या खाली गेलो की नाही."
आणि मी?
"तुम्हाला उंच होणार. कंबर डावी-उजवी हलवत पेडल मारणार, पन्नासच्या पुढे पाठ संपली. तुमच्यासाठी इथे कापून उपयोग नाही. माझी खूण ही." पेन्सिलने खाली दुसरी रेघ मारली.
करवतीला नवीन पातं लावून तयार होता. "कुठली धरू?"
नुसता गुणाकार चुकला असेल तर खालच्या रेघेवर कापायची, विषय संपला. पण चुकला नसेल तर? 'काप' म्हणताना त्याने स्वतःसाठी तेवढी जागा राखून ठेवली असेल तर? चूक बरोब्बर तिथेच कशी पडते, जिथे तो जेमतेम बसतो?
विचारायचं तरी कसं? तुझा हिशोब चुकलाय म्हणू? की तू परत बसणार नाहीस, म्हणून खाली कापते म्हणू? दोन्ही मला जमणार नाही. एवढी राखलेली जागा माझ्या हाताने कापायची म्हणजे डॉक्टरांचं बोलणं मीच त्याला सांगण्यासारखं आहे.
"राहू दे आज," म्हटलं. कुणालने पातं काढून ठेवलं. "बुधवारपर्यंत सांगा. नंतर मी आठवडाभर नाही." सायकल त्याच्याकडेच.
परतताना रिकाम्या टेंपोत पुढे बसले होते. ड्रायव्हर गाणी लावू का म्हणाला. नको म्हटलं.

१४ सप्टें., रवि.
काल आले तेव्हा झोपला होता. आज चहाच्या वेळी विचारलंच, "झालं?"
"नाही. पातं तुटलं कुणालचं. बुधवारी करतो म्हणाला." लग्नाला सतरा वर्षं झाली, इतकं सहज खोटं कधी बोलले नव्हते.
आई आतून, "बरं झालं."
हॉलमध्ये सायकलच्या जागी फरशीवर चाकांचे दोन काळे डाग राहिलेत. पुसले नाहीत.
सं.ने कप खाली ठेवला. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सुटल्यासारखं काही दिसतं का, का वाईट वाटलं, का नुसतंच ऐकलं. उजवी बाजू अजून हलत नाही. डावीवर काहीतरी आलं आणि गेलं.
"बुधवार," म्हणाला.
अर्ध्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.