यानवालीला कोणी काढलं

आई,

तुझ्याशी भांडायचं आहे. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. राग मात्र उघड्या डोळ्यांनी येतो. काल संध्याकाळी गोळीबार चौकातून घरी चालत येताना तो आला आणि आज सकाळी शाळेत नववीच्या पोरींना आरसे शिकवतानाही उतरला नव्हता. एकीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का तुमाले?" म्हटलं, बरी आहे, आईचा राग आलाय. ती हसली, तिला वाटलं घरी सकाळी काहीतरी खटकलं असेल.

दुपारी जेवणं झाली की आपल्याकडच्या मागांची खटखट थांबायची. पुरुषमंडळी मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर काढून तिथंच आडवी व्हायची आणि ओसरीत तुम्ही बायका कांड्या भरायला बसायच्या. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या बारक्या नळ्या, दिवसभर भरल्या तरी मागाला कमीच पडायच्या. तू मात्र भरायची नाहीस. तुझ्या वाटच्या कांड्या बाकीच्या जणी आपसात वाटून घ्यायच्या आणि तू भिंतीला पाठ टेकून त्यांना पुस्तक वाचून दाखवायचीस, कारण चौथी पास झालेली तू एकटीच. चौकातल्या वाचनालयातून आणलेली ती पातळ पुस्तकं. वर अग्निबाण, खाली जाळ, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभा मिशीवाला कॅप्टन. कधी चंद्र, कधी मंगळ, कधी शनी. माणूस खरोखरचा चंद्रावर उतरला तेव्हा आपल्या ओसरीत कोणाला फारसं नवल वाटलं नाही. समोरच्या घरची मावशी म्हणाली, "आता गेले का? आपली यानवाली तं कवाचीच जाऊन आली." कांड्या भरायचे रहाट फिरतायत, तू वाचतेस, मी सुट्टीच्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकतेय. हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

यानवाली. नाव तिला कधी नव्हतंच, तू यानवाली म्हणायचीस म्हणून सगळ्या म्हणायच्या. कॅप्टन हुकूम सोडायचा आणि यान ती चालवायची. कॅप्टन घाबरायचा तेव्हा ती आपल्याकडच्या बायांसारखंच म्हणायची, "थांबा जी जरासे, मी पाहतो." मंगळाच्या वाटेवर यानाच्या बाहेरची तार तुटली, आत हवा संपत आली, तेव्हा ती काचेचा टोप घालून बाहेर गेली, बोटाला थुंकी लावली आणि तुटलेला धागा सांधतात तशी ती तार पीळ देऊन सांधली. ओसरीतल्या बायकांनी रहाट थांबवून "माय वं!" केलं होतं. काचेच्या टोपात बोटाला थुंकी लागली कशी, हे कोणी विचारलं नाही. मी पुढे बी.एस्सी. झाले, पोरींना विज्ञान शिकवायला लागले, आणि मलासुद्धा कधी विचारावंसं वाटलं नाही. अक्कल गहाण पडली होती माझी.

एकदा सैपाकघरात फळीवर पुस्तक पडलेलं दिसलं म्हणून मी ते उघडलं. तू भाकरी थापत होतीस. तशीच पिठाच्या हातानं धावलीस आणि माझ्या हातून पुस्तक हिसकलंस. "खबरदार हात लावशील तं! आधी शाळेचे पुस्तकं वाच." कव्हरावर तुझी पिठाची पाच बोटं उमटली. मी रडले. मला वाटलं, अभ्यासासाठी ओरडतेय. दुसऱ्या दिवशी तू ते पुसून परत देऊन आलीस. त्यानंतर मी त्या पुस्तकांच्या वाटेला गेले नाही, गुणी पोरगी ना मी. ऐकायला मिळतंय ना, मग वाचायला कशाला हवं, असं स्वतःची समजूत घालून बसले.

शेवटचं पुस्तक तू वाचलंस तेव्हा तुला बारीक ताप यायला लागला होता. त्यात शनीच्या पलीकडे इंधन संपतं, यानाच्या सुटकेच्या छोट्या होडीत तिच्याशिवाय सगळे मावतात, आणि यानवाली म्हणते, "तुमी व्हा पुढं, मी येतो मागून." तिथं तू पुस्तक मिटलंस. मग तुला दवाखान्यात नेलं. आणि योगायोग असा की त्याच सुमारास ती मालिकाही बंद पडली, लेखकाचं आणि प्रकाशकाचं काहीतरी बिनसलं म्हणे. तेव्हा ओसरीतल्या सगळ्यांचा पक्का समज झाला की लेखकानंच तिला तिकडं टांगून ठेवलंय. मावशी कितीदा तरी म्हणाली, "लेकराले वर सोडून देल्लं अन् सोता बसला घरी."

म्हणून या वर्षी बातमी आली की तीच मालिका नव्यानं निघणार, नवा लेखक, नवी चित्रं, तेव्हा मी वेडी झाले गं. पहिल्याच दिवशी पुस्तक घेऊन ओसरीत गेले. माग आता निम्मेच उरले आहेत, बायकाही थोड्याच, पण मावशी होती. तुझ्या जागी बसून मी वाचायला लागले. कॅप्टनची मिशी गेलेली. कानावर केस, पायात फुगीर पँट, आणि दर वाक्याला "ओके". गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, चंद्रापासून सुरू. चालेल म्हटलं, पहिल्यापासून तर पहिल्यापासून. पण यान चालवतोय कोण? तर एक यंत्र! डबा! त्याचे दिवे लुकलुकतात आणि यान आपोआप चालतं. मावशी म्हणाली, "ते आपली यानवाली कुठं हाय?" म्हटलं, येईल पुढे. दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. ती आली नाही. मावशीनं रहाट ढकलला. "ठेव ते पुस्तक. डब्याच्या गोष्टी आयकाले नाही बसलो आमी." माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं वाट पाहायला लावून तिला आणायचंच नाही, आणि तिच्या जागी डबा ठेवायचा?

तो नवा लेखक व्याख्यानाला धरमपेठेत येणार असं कळलं तेव्हा मी मावशीला सायकलरिक्षात घालून घेऊन गेले. सभागृह भरलेलं. सगळे रागावलेलेच होते, आई, मी एकटी नव्हते. कॉलेजचे पोट्टे, चष्मेवाले कारकून, एक रिटायर्ड साहेब, ज्याला त्याला ती जुनी पुस्तकं तोंडपाठ. एकानं उठून विचारलं, कॅप्टनची मिशी काय म्हणून काढली? टाळ्या! दुसऱ्यानं विचारलं, जुनं यान अणुशक्तीवर चालायचं, हे उन्हावर कसं काय? टाळ्या! लेखक बिचारा घाम पुसत होता. मग मी उठले. तुझी मुलगी, नेसायला चांगलं पातळ, आवाज खणखणीत. म्हटलं, "तुम्ही यानवालीला काढून तिच्या जागी डबा बसवलात, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

तो म्हणाला, "कोण यानवाली?"

मी सांगायला लागले. तार, शनी, होडी, सगळं. सभागृह शांत झालं, आणि मला वाटलं जिंकले. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक पोट्टा वळून म्हणाला, "मॅडम, जुन्या एकाही पुस्तकात बाईच नाही. मले सगळे पाठ आहेत ना." मागून कोणी म्हणालं, "मॅडम दुसरंच काही वाचत असतील घरी." आणि हसू फुटलं. सगळं सभागृह हसलं, लेखकसुद्धा, सुटल्यासारखा. मावशी काठी टेकत उभी राहिली. "काहून रे नाही? मी सोता आयकली! शनीच्या कड्यातून तिनं यान काहाडलं तवा हा कॅप्टन बेसुद पडून होता! आता मोठा कमरेवर हात ठेवून उभा राह्यते!" मग तर लोक खुर्च्या बडवायला लागले. मिशीसाठी टाळ्या आणि बाईसाठी हसू. त्या सगळ्यांचा मला इतका राग आला की परत येताना रिक्षात मी शिव्या देत होते, तोंडानं, मोठ्यानं. मावशी म्हणाली, "जाऊ दे वं, खोटारडे हायेत सारे."

ते खोटारडे नव्हते. वाचनालयवाल्यानं जुनी पुस्तकं माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली होती, ती मी दिवाळीच्या सुट्टीत सगळी आणून वाचली. दर पान उलटताना वाटायचं, आता येईल. मंगळाच्या वाटेवर तार तुटतच नाही. शनीच्या कड्यात कॅप्टन स्वतःच शुद्धीवर येतो आणि स्वतःच यान काढतो. शेवटच्या पुस्तकात होडीत सगळे मावतात, कारण सगळे म्हणजे पुरुष, आणि तेवढ्यांचीच ती होडी. पोतं परत द्यायला गेले तेव्हा वाचनालयवाला म्हणाला, "तुमच्या आई? हाव, आठवते ना. पुस्तक परत कराले आल्या का भांडत माह्याशी. म्हणे, येवढे सारे माणसं वर धाडले, एक बाई नाही धाडली? म्या म्हटलं, बाई, मी का लिवतो? तं म्हणे, मंग लिवणाऱ्याले सांगा." तो हसत होता. मी तिथंच बाकावर बसले.

तू मला का नाही सांगितलंस? बायकांना नको सांगू, त्यांची करमणूक होती, ठीक आहे. मी? कॉलेजात फिजिक्सच्या वर्गात मुलांच्या बाकांमागे मी एकटी बसायची. सर म्हणायचे, पोरींनी होमसायन्स घ्यावं. तेव्हा मी मनात म्हणायची, छापलेलं आहे, पुस्तकात आहे, एक बाई यान चालवते, नागपुरात काय न् पुण्यात काय, हजारो लोकांनी वाचलंय, म्हणजे असं असतं. माझी सगळी हिंमत त्या छापील अक्षरावर उभी होती, आणि तिथं अक्षरच नव्हतं! एका बाईच्या तोंडची वाफ होती. पिठाच्या हातानं माझ्याकडून पुस्तक हिसकलंस, ते मी अभ्यास करावा म्हणून नव्हे, चोरी पकडली जाऊ नये म्हणून. आणि मला सभागृहात उभं केलंस. मेल्यावर इतक्या वर्षांनी पोरीचं हसं करणारी आई मी तुझ्याशिवाय पाहिली नाही. तुझीच गोष्ट होती तर छातीठोक सांगायचं होतंस ना, की ही माझी आहे. लेखकाच्या नावावर का खपवलीस? आपलं म्हणून सांगितलं असतंस तर कोणी ऐकलं नसतं, हेच ना? हेच असणार. आणि ते खरं असणार, याचाच मला जास्त राग येतो.

मी मावशीला जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी चिडेल, माझ्या बाजूनं बोलेल. ती रहाट फिरवत म्हणाली, "मंग? लिवणारा इसरला असंन." म्हटलं, "मावशी, विसरला नाही, ती नव्हतीच! आई मनानं सांगत होती." तर म्हणे, "तुही माय वाचे तवा होती ना? झालं. आमाले पुस्तकाशी काय करा लागते?" आणि मग थोड्या वेळानं, मान खाली घालून, "पर मंग पुढचं आता कोण सांगन?"

म्हणून काल मी सांगितलं. नवं पुस्तक हातात धरलं, उघडलं, आणि तुझ्यासारखंच मनानं वाचायला लागले. कॅप्टनची होडी सुखरूप पोचली. इकडं यानवालीनं डब्याच्या तारा उपसल्या, त्यातून थोडी वीज काढली, आणि पहाटे पहाटे यान थेट आपल्या वस्तीतल्या मैदानावर उतरवलं. दार उघडलं, खाली आली, घरी गेली, हातपाय धुतले. मला स्वतःला गोष्ट फार आवडली. बायकांनी ऐकून घेतली, कोणी रहाट थांबवला नाही. मावशी म्हणाली, "हे तुह्यं हाय. तुह्या मायचं नाही." म्हटलं, काय चुकलं? "तुही माय तिले अशी झटकन घरी नसती आणत. दहा जागी अटकवली असती, आमाले महिनाभर घोर लावला असता. तू तं बसल्या बसल्या उतरवली. घाई केली तू." मिशीवरून भांडणाऱ्या त्या पोट्ट्यांवर मी चिडले होते ना? मावशीनं मला तसंच तासलं, आई, त्यांनी त्या लेखकाला तासलं तसं. तेव्हापासून हा राग आहे. मावशीचा नाही. तू गेलीस ती गेलीस, आणि तिला शनीच्या पलीकडे सोडून गेलीस, आणि रस्ता कोणालाच सांगितला नाहीस.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, तेवढी अक्कल मला अजून आहे. एवढंच मावशीला सांगता आलं नाही म्हणून इथं लिहिते. दवाखान्यात तुला नेलं तेव्हा तूही म्हणाली होतीस, "तुमी व्हा घरी, मी येतो." मी सैपाक करून ठेवला होता. मावशी म्हणते ते खरं आहे, मी घाई केली. मला तिला त्याच दिवशी घरी आणायची होती.